आतून लावलेली कडी

लहानपणी सुट्टीत सांगलीला गेलं की पहिल्याच रात्री मी मामाला पेटी काढायला लावायची. आजीच्या लग्नातली सागवानी पेटी, मागे दोन बिजागऱ्या, पुढे कडी आणि कोयंडा. मामा माझ्या बोटातली पितळी अंगठी काढून माझ्यादेखत पेटीत टाकायचा, कुलूप लावायचा आणि किल्ली माझ्या मुठीत द्यायचा. "घट्ट धर. कुणी मागितली तरी द्यायची नाही. मी मागितली तरी नाही." मग पेटीवर आजीचं जुनं लुगडं पांघरायचा आणि दिवा मालवायचा. वीसपर्यंत मी मोजायचं. दिवा लागला की कुलूप जागच्या जागी, किल्ली माझ्या घामेजलेल्या मुठीत, आणि अंगठी आजीच्या पानाच्या डब्यात, चुन्याच्या डबीखाली.

"कसं केलंस?"

"कुलूप बघ की," मामा म्हणायचा. मी दरवर्षी कुलूप बघायची. हलवून, ओढून, दिव्यासमोर धरून. मामा नाटक कंपन्यांबरोबर दौरे करणारा सेटवाला होता. फ्लॅट, म्हणजे रंगमंचावरच्या खोट्या भिंती, उभे करणं, दारं-खिडक्या बसवणं, अंक संपला की काळोखात दिवाणखान्याचं जंगल करणं, हे त्याचं पोटापाण्याचं काम. भाच्यांसाठीची ही जादू त्याच हातांची होती.

हे सगळं माझ्या मनात पुन्हा जागं झालं ते 1 जानेवारी 2009 च्या रात्री, इंग्लंडमध्ये. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा वूस्टरशरमध्ये, किडरमिन्स्टरजवळ राहत होतो. दुपारी चारलाच काळोख. रस्त्यावर चिटपाखरू नाही. टीव्ही लावला तर एका जुन्या प्रशस्त घराची गोष्ट चालू होती. त्या घराच्या माळ्यावर एक खोली आहे आणि तिथे रात्री झोपायला गेलेली माणसं सकाळी सापडत नाहीत. डफल कोट घातलेला, केसांचं टोपलं झालेला एक माणूस त्या खोलीत उभा राहून भिंतींकडे बघतो. त्याला ना भूत दिसत, ना खुनी. तो नुसती खोली बघतो. लांबी, रुंदी, वस्तू कुठे ठेवल्यात, का ठेवल्यात. मी एकदम ताठ बसले. हे बघणं माझ्या ओळखीचं होतं. रिकाम्या नाट्यगृहात शिरल्या शिरल्या मामा असाच बघायचा.

त्या माणसाचं नाव जोनाथन क्रीक, मालिकेचंही तेच. बीबीसीवर ती 1997 च्या मे महिन्यात सुरू झाली आणि पुढे अधूनमधून, कधी वर्षांच्या खंडाने, 2016 च्या डिसेंबरपर्यंत येत राहिली. सगळे भाग एकट्या डेव्हिड रेनविक यांनी लिहिले. त्याआधी त्यांचं नाव होतं ते विनोदी मालिकांसाठी, आणि ते पदोपदी जाणवतं. प्रेत पडलेलं असतं आणि शेजारची दोन माणसं भलत्याच कशावरून तरी हुज्जत घालत असतात. ॲलन डेव्हिस यांनी केलेला जोनाथन पोलीस नाही, खासगी गुप्तहेरही नाही. तो एका बढाईखोर जादूगाराचे खेळ रचून देतो. टाळ्या जादूगाराला, डोकं ह्याचं. राहतो पवनचक्कीत. त्याला खुनांच्या भानगडीत ओढते मॅडी मॅगेलन, निरपराध माणसं तुरुंगात कशी पडली ह्यावर लिहिणारी पत्रकार. कॅरोलाइन क्वेंटिन यांनी ती अशी उभी केली आहे की तिला नाही म्हणणं कुणाच्या बापाला जमू नये.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत मी सगळे जुने भाग मिळवून पाहिले. एक निवृत्त विनोदी नट अणुयुद्धाच्या भीतीने बांधलेल्या भुयारी खोलीत गोळी लागून मेलेला सापडतो, खोली आतून बंद. आणि संधिवाताने त्याची बोटं अशी वाकलेली की त्याला बंदुकीचा चाप ओढणंच शक्य नाही. सांगाड्याच्या वेषातला खुनी एका बेशुद्ध बाईला घेऊन गॅरेजमध्ये शिरतो, पोलीस चारी बाजूंनी वेढा देतात, दार उघडतात, तर आत फक्त ती बाई. एक माणूस एकाच वेळी न्यूयॉर्कमध्येही असतो आणि लंडनमध्येही. उत्तरं मी सांगणार नाही. कुणी अजून पाहिली नसतील तर त्यांचा घास मी का हिरावून घेऊ?

आपण रहस्यकथांवर पोसलेली माणसं. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझार आणि काळापहाडच्या मागे आजोबांची पिढी वेडी होती, आमच्या घरी दिवाळीला 'धनंजय'चा अंक फराळाच्या आधी संपायचा. त्यातल्या बहुतेक गोष्टींत प्रश्न असायचा "कोणी?" आणि त्या प्रश्नाचा एक वाईट गुण असा की तो माणसांकडे संशयाने बघायला लावतो. गोड बोलणारी काकू, गप्प राहणारा माळी, जो-तो संशयित. जोनाथनच्या गोष्टींत प्रश्न आहे "कसं?" आणि तो वस्तूंकडे बघायला लावतो. बल्ब, कडी, गालिच्याची कड, घड्याळ. खुनी कोण हे कित्येकदा अर्ध्यातच कळतं, तरी आपण हलत नाही, कारण पाणी कुठे मुरतंय ते कळलेलं नसतं. जोनाथनला स्वतःलाही खुन्यात फारसा रस नसतो. खटका कुठे आहे ते सापडलं की त्याचा चेहरा उजळतो आणि पुढचं सगळं तो थोडं कंटाळत सांगतो. मला तो त्या कंटाळ्यासकट आवडतो.

ह्या जातीच्या गोष्टी इंग्रजीत पुष्कळ जुन्या आहेत. 1841 साली एडगर ॲलन पो यांनी पॅरिसमधल्या एका बंद खोलीत खून घडवला तिथपासून धरलं तर पावणेदोनशे वर्षांवर. पण ह्या खेळाचा खरा बादशहा जॉन डिक्सन कार, जन्माने अमेरिकन, पण इंग्लंडमध्ये राहिलेला आणि इंग्लंडवर जीव असलेला. 1935 च्या एका कादंबरीत त्याने गोष्ट मध्येच थांबवली आहे आणि त्याचा जाडजूड गुप्तहेर जेवणानंतर बंद खोल्यांवर चक्क व्याख्यान देतो. आत खुनी नव्हताच, अपघात होता. माणसाला स्वतःचा जीव घ्यायला भाग पाडलं. खोलीत आधीच यंत्र लावून ठेवलं होतं. मेला असं वाटलं तेव्हा तो जिवंत होता. अशी एकेक तऱ्हा तो उलगडत जातो, मग दाराशी करायच्या लबाड्या सांगतो, आणि त्यात बिजागऱ्या काढण्याची युक्तीही आहे. हे प्रकरण मी आगगाडीत वाचलं, आणि कुलूप एके कुलूप बघणाऱ्या मला तेव्हाही पेटी आठवली नाही. आज त्याचं नवल वाटतं.

मामाला मी ही मालिका दाखवली ती 2011 च्या मे महिन्यात, सांगलीला, लॅपटॉपवर. मामा तेव्हा सत्तरीचा. इंग्रजी तुटपुंजं, त्यामुळे मी मध्ये मध्ये सांगत होते. गॅरेजचा भाग लावला. सांगाडा आत शिरला, दार बंद झालं, पोलीस गोळा झाले. मामाने हात वर केला.

"थांबव. जमिनीत झडप असेल तर मी बघणार नाही."

"मामा, अजून काहीच झालं नाहीये."

"असेल तर आत्ता सांग. झडप ठेवायची म्हणजे खेळणाऱ्याशी बेइमानी."

मी नाही म्हटलं, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. त्याला मी सांगितलं की रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्रीबाबाने 1929 मध्ये रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी दहा आज्ञा लिहून ठेवल्या, त्यातली एक हीच: एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या किंवा भुयारं चालणार नाहीत. मामा म्हणाला, "एक तरी कशाला दिली त्यानं?"

भाग संपेपर्यंत त्याने तीन उत्तरं दिली. तिन्ही चुकली. पण तिसरं असं होतं की खरोखर केलं असतं तर गॅरेज रिकामं झालं असतं आणि पोलीस हात हलवत परत गेले असते. खरं उत्तर कळल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माणसाला वाटतं आपण डोळ्यांनी बघतो. बघतो कुठं? पहिल्यांदा जे दिसलं तेच मनात धरून बसतो, पुढचं सगळं त्याला जोडत जातो. आमचा धंदा त्यावर चालला की आयुष्यभर." 'तो मी नव्हेच'चा फिरता रंगमंच आणि त्यातल्या पणशीकरांच्या पाच भूमिका त्याने तरुणपणी प्रेक्षकांत बसून पाहिल्या होत्या. रंगमंच फिरताना लोक टाळ्या वाजवायचे. मामा म्हणाला, त्या टाळ्या चालू असतानाच आपली नजर पडद्यामागे लागली, आता विंगेत कोण धावतंय, कोट कुणाच्या हातात आहे, मिशी कोण काढतंय.

त्या वाक्याने मला ह्या मालिकेची गोडी नेमकी कशात आहे ते कळलं. टाळ्यांच्या वेळी कामात असलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. त्या माणसाला इंग्लंडमध्ये एक खरा वाडवडीलही आहे.

किडरमिन्स्टरपासून गाडीने थोड्या अंतरावर हार्विंग्टन हॉल नावाचा वाडा आहे. भोवती खंदक, लाल विटा, आत लाकडाचा करकरीत वास. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, पहिल्या एलिझाबेथच्या काळात, इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरूंना आसरा देणं हा देहदंडाचा गुन्हा होता. तरी घरं आसरा देत होती. झडती घेणारे शिपाई यायचे, दिवसच्या दिवस मुक्काम ठोकायचे, भिंती ठोकून बघायचे, आतलं माप आणि बाहेरचं माप जुळतं का ते पट्टीने मोजायचे. त्यांना चकवण्यासाठी भिंतींत, जिन्यांखाली, चुलाण्यांमागे लपायच्या जागा केल्या गेल्या. त्या करणाऱ्यांत सगळ्यांत मोठं नाव निकोलस ओवेन, ऑक्सफर्डचा एक सुतार. दिवसा तो त्याच घरात चारचौघांसमोर साधं दुरुस्तीचं काम करायचा, म्हणजे कुणाला संशय येऊ नये. खरं काम रात्री, एकट्याने. जागा कुठे आहे हे घरातल्या फार थोड्यांना ठाऊक असायचं.

हार्विंग्टनला एका खोलीच्या कोपऱ्यात भिंतीतली एक उभी लाकडी तुळई दाखवतात. घराचा भार पेलणाऱ्या बाकीच्या तुळयांसारखीच ती, काळवंडलेली, चिरा गेलेली. ती फिरते. एका बाजूला ढकलली की माणूस कडेने आत सरकेल इतकी फट पडते, आणि आत एक माणूस बसू शकेल एवढी काळोखी जागा. अशा जागा ओवेनच्याच हातच्या असाव्यात असं तिथे मानतात. मी त्या तुळईपाशी इतका वेळ उभी राहिले की मागची रांग खोळंबली. कुठलीही सजावट नाही, खटका दिसत नाही. घरातली सगळ्यांत भरवशाची, सगळ्यांत कंटाळवाणी वस्तू निवडायची आणि तिथेच दार करायचं. बघणाऱ्याचं मन किती खोल जाणलं असेल त्या सुताराने!

1606 साली ओवेन पकडला गेला. लंडनच्या टॉवरमध्ये त्याला हालहाल करून मारलं, पण त्याने एकाही जागेचा पत्ता सांगितला नाही. 1970 मध्ये त्याला संतपद मिळालं. कॅथलिक जादूगार त्याला आपला संत मानतात हे कळलं तेव्हा मला भरून आलं. लंडनच्या मॅजिक सर्कल ह्या 1905 साली स्थापन झालेल्या जादूगारांच्या संस्थेचं ब्रीदही गुपित न फोडण्याचंच आहे. ह्या संस्थेचे एक अध्यक्ष अली बोंगो. नाव रंगमंचावरचं, मूळचे विल्यम वॉलेस. जन्म 1929 चा, आपल्या बंगळुरूचा, वडील लष्करात. टीव्हीवरच्या बड्या बड्या जादूगारांना पडद्यामागून खेळ रचून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि जोनाथन क्रीकचं पात्र त्यांच्यावरून सुचलं असं म्हणतात. 2009 च्या मार्चमध्ये ते गेले. म्हणजे मी तो माळ्यावरचा भाग पाहिला त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी.

जोनाथनची पवनचक्कीही मी एकदा बघून आले. आपल्याकडे पवनचक्की म्हटली की चाळकेवाडीच्या पठारावरची पांढरी पाती डोळ्यांसमोर येतात. ही मात्र पिठाची, लाकडी, पांढरी, आठ बाजूंची, ससेक्समधल्या शिप्ली गावातली, 1879 साली बांधलेली. आत जाता आलं नाही, लोकांसाठी ती तेव्हा बंद होती. कुंपणापाशी उभं राहून जेवढी दिसली तेवढी बघितली. ही चक्की 1906 पासून हिलेअर बेलॉक ह्या लेखकाच्या मालकीची होती, आणि बेलॉकचा जिवलग मित्र जी. के. चेस्टरटन. अशक्य वाटणाऱ्या गुन्ह्यांची उकल करणारा फादर ब्राउन हा पाद्री त्याचाच. चेस्टरटनच्या 1911 च्या पुस्तकात एक गोष्ट आहे, शंभर वर्षं उलटून गेल्यामुळे तिचं उत्तर सांगायला हरकत नसावी. एका इमारतीवर चार माणसांचा पहारा असतो, चौघंही शपथेवर सांगतात की आत कुणी गेलं नाही, आणि तरी आतला माणूस नाहीसा होतो. बर्फात पावलं मात्र उमटलेली असतात. गेलेला असतो पोस्टमन. चौघांनी त्याला पाहिलेलं असतं. पण पोस्टमन म्हणजे "कुणी" असं कुणाच्या मनातच येत नाही.

किडरमिन्स्टरच्या आमच्या घरी आठवड्यातून एकदा कचऱ्याची गाडी यायची. ती गोष्ट वाचल्यावर मी त्या दोघा माणसांचे चेहरे नीट बघायला लागले. एकाच्या भुवईवर व्रण होता. दीड वर्षात मला तो दिसला नव्हता.

सगळेच भाग सारखे उतरलेले नाहीत. काही उकली इतक्या ओढूनताणून आणलेल्या आहेत की एवढा खटाटोप करण्यापेक्षा खुन्याने सरळ शहर सोडलं असतं. 2014 च्या भागांपर्यंत जोनाथनचं लग्न झालेलं, चक्की सुटलेली, आणि त्यातल्या पहिल्या भागात तर कोडं कसं घडलं ते आपल्याला आधीच दाखवून टाकलं आहे. त्याला कसं कळतं एवढंच बघायचं. मला ते रुचलं नाही. माझी मूठ त्यांनी आधीच उघडली होती. कॅरिबियनमधल्या काल्पनिक सेंट मेरी बेटावरची 'डेथ इन पॅराडाइज' 2011 मध्ये आली, तिच्या पहिल्याच भागात खून बंद खोलीत होतो, ऊन आहे, समुद्र आहे, सुटाबुटात घामाघूम झालेला इंग्रज इन्स्पेक्टर आहे. ती मी आवडीने बघते. पण तिथे प्रत्येक वेळी सगळ्या संशयितांना गोळा करून उकल होते आणि सगळे लख्ख उजेडात निघून जातात. जोनाथनच्या गोष्टीत उकलीनंतर एक उदासी मागे राहते, सुरुवातीच्या संगीतासारखी. सँ-साँस ह्या फ्रेंच संगीतकाराची ती 1874 ची रचना आहे, आणि तिच्यातल्या एकट्या व्हायोलिनची सगळ्यांत वरची तार मुद्दाम अर्ध्या सुराने उतरवलेली असते. कानाला काहीतरी बिनसल्याचं कळतं, काय ते कळत नाही.

ही उदासी कसली ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर कोड्यापेक्षा नेहमी लहान असतं. भूत, शाप, भिंतीतून जाणारा माणूस, आणि शेवटी निघतं काय, तर एक दोरी, एक बदललेला बल्ब. "एवढंच?" असं मॅडी म्हणते तेव्हा जोनाथनचा चेहरा पडतो. कारण त्या "एवढंच"मध्ये कुणाच्या तरी कित्येक रात्री गेलेल्या असतात. ह्या मालिकेत बहुधा खुन्याच्या. पण घरोघरी, नाट्यगृहात, हार्विंग्टनच्या वाड्यात त्या भल्या माणसांच्याही असतात.

मामा मागच्या वर्षी गेला. तेराव्यानंतर मामी म्हणाली, "पेटी तू ने. दुसरं कुणी विचारणार नाही तिला." मी ती पुण्याला आणली. महिनाभर हात लावला नाही. मग एका दुपारी कुलूप लावलं, किल्ली टेबलावर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा पेटी फिरवून तिची पाठ माझ्याकडे केली.

बिजागऱ्या दोन. दोन्हींच्या खिळा गंजल्यासारख्या तपकिरी, बाकी पेटीला शोभतील अशा. डावी नखाने उचलली तर लोण्यातून सुरी निघावी तशी वर आली. उजवीही. दोन्हींना काळा-तपकिरी रंग दिलेला, आतलं पितळ कानशीने घासून गोल केलेलं, बारीक बारीक आडव्या रेघांचं. झाकण मागून चार बोटं उचललं गेलं, पुढे कुलूप कोयंड्यात तसंच. एका हाताला पुरेल एवढी फट.

हा खेळ मामाने शेवटचा केला तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर घरात लहान मूल नव्हतं, पेटी पलंगाखाली होती, आणि मामी म्हणाली तिने ती कित्येक वर्षांत बाहेर काढलेली नाही. मी खिळा खिडकीपाशी नेऊन बघितल्या. बोटांना तेल लागलं. खोबरेल नव्हे, शिवणयंत्राला घालतात ते, पातळ आणि स्वच्छ, धुळीचा कण नसलेलं.